कचऱ्यांतील अक्षरें आणि रक्ताचा कर्करोग

बडनेरा जंक्शनांतून नागपूर-मुंबई मार्गावरील गाड्या हजारों उतारू वाहून नेतात; सिग्नलचा खांब एकालाही नेत नाहीं. म्हणून तो निरुपयोगी, असें कोणी म्हणणार नाहीं. मनुष्याच्या जनुकसंहितेविषयीं मात्र पंडितांनीं असाच ग्रह करून घेतला होता. तिचा सुमारें २ टक्के भागच प्रथिनें घडविण्याच्या कामीं येतो; उरलेल्यास पुष्कळ दिवस ‘कचरा’ हेंच नांव होतें.

१९९३ सालीं व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुव्हकुन यांनीं एका सूक्ष्म कृमींत सुमारें २२ अक्षरांचा एक इवलासा आरएनए दाखवून दिला. तो स्वतः प्रथिन घडवीत नाहीं. दुसऱ्या जनुकाचा निरोप वाटेंत अडवितो. (या शोधास नोबेल पारितोषिक मिळावयास २०२४ साल उजाडावें लागलें!)

रक्ताच्या कर्करोगाशीं त्याचा संबंध २००२ सालीं उघड झाला. उतारवयांत होणाऱ्या दीर्घकालीन लिंफोसायटिक ल्युकेमियांत निम्म्याहून अधिक रुग्णांच्या १३ व्या गुणसूत्राचा एक तुकडा नाहींसा झालेला असतो. त्यांत प्रथिन घडविणारें अपराधी जनुक शोधतां शोधतां शास्त्रज्ञ थकले होते. जॉर्ज कॅलिन व कार्लो क्रोचे यांना तेथें आढळले ते मिर-१५ व मिर-१६ हे दोन इवले आरएनए. निरोगी पेशींत ते बीसीएल-२ या प्रथिनास आवर घालतात, असें २००५ सालीं दिसून आलें. हें प्रथिन पेशीस मरूं देत नाहीं. आवर सुटला कीं मरावयाच्या पेशी मरत नाहींत, रक्तांत सांचत जातात.

बीसीएल-२ ला रोखणारें व्हेनेटोक्लॅक्स हें औषध अमेरिकेंत २०१६ सालीं मान्य झालें. प्रत्यक्ष इवल्या आरएनएचेंच औषध करण्याचा मार्ग मात्र खडतर ठरला. मिर-३४ ची प्रतिकृति कर्करोग्यांस टोंचण्याचा प्रयोग, रोगप्रतिकारशक्तीच्या तीव्र प्रक्षोभामुळें, त्याच वर्षीं थांबवावा लागला.

घरांतील वडील माणसास याच रोगाचें निदान झालें, म्हणजे घर हादरतें आणि बडनेऱ्याहून मुंबईची गाडी धरण्याची धांदल उडते. परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानेंच वारल्या होत्या. तेथें जावें, हें योग्यच. परंतु या रोगांत पुष्कळांस आरंभीं औषध न देतां केवळ नियमित तपासणी करीत राहतात, हें ठाऊक असावें. शिवाय, केवळ १३ व्या गुणसूत्राचा तुकडा गेला असून दुसरा बिघाड नसेल, तर रोग सहसा मंद गतीनें चालतो. १७ व्याचा गेला असल्यास प्रकरण कठीण. औषध सुरू होण्यापूर्वीं ही गुणसूत्रांची तपासणी झाली आहे काय, हें डॉक्टरांस अवश्य विचारावें.