संगीत कार्यक्रमांच्या तिकीटविक्रीतील अनुचित प्रथा : एक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
चित्रपटगृहाबाहेर ‘ब्लॅक’ने तिकिटे विकणारा इसम महाराष्ट्रातील शहरांना अनेक दशके परिचित होता. ऑनलाइन आरक्षणामुळे ही प्रथा संपुष्टात येईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तिचे केवळ ठिकाण बदलले. प्रस्तुत लेखात एका अलीकडील घटनेच्या आधारे या प्रथांचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

घटनेचा आढावा :
‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचे कार्यक्रम नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये १८, १९ व २१ जानेवारी २०२५ रोजी झाले. त्यांची तिकीटविक्री ‘बुकमायशो’वर २२ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाली. मूळ दर २,५०० ते ३५,००० रुपये होते. तिकिटे अल्पावधीत संपली आणि पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर कित्येक पट दराने दिसू लागली. काहींची मागणी लाखांच्या घरात गेली. कंपनीने अनधिकृत विक्रीशी संबंध नाकारून पोलिसांत तक्रार दिली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने कंपनीच्या प्रमुखांना चौकशीसाठी पाचारण केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने पाच राज्यांत झडत्या घेतल्या. समाजमाध्यमांवरून बनावट तिकिटेही विकली गेल्याचे त्यातून पुढे आले.

अनुचित प्रथांचे स्वरूप :
१) साठा करणे : स्वयंचलित संगणकप्रणाली वा अनेक खाती वापरून तिकिटे अडवून ठेवणे.
२) हाती नसलेल्या तिकिटाची विक्री : आधी ग्राहकाकडून पैसे घेणे व नंतर तिकीट शोधणे. ते न मिळाल्यास ग्राहक प्रवेशद्वारावरून परततो.
३) माहिती दडविणे : एकूण आसनांपैकी किती आसने खुल्या विक्रीस होती आणि किती प्रायोजक वा निमंत्रितांसाठी राखीव होती, हे जाहीर न करणे.
४) शेवटच्या टप्प्यावर शुल्क जोडणे : सुरुवातीस कमी दर दाखवून पैसे भरताना तो वाढविणे.

मागणी अधिक असल्यास दर वाढणारच, असा युक्तिवाद यावर केला जातो. आपल्या परिसरातील उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. नामपूरच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव सर्वांसमक्ष होतो; माल किती आला आणि बोली काय लागली, हे उपस्थितांना कळते. साठवणूक करणारा व्यापारी सड व घट यांची जोखीमही पत्करतो. तिकिटाच्या पुनर्विक्रीत मात्र मालाचे एकूण प्रमाण अज्ञात असते, विक्रेता अनामिक असतो आणि वाढीव रक्कम कलावंतास वा आयोजकास मिळत नाही. म्हणून खरा आक्षेप चढ्या दरापेक्षा अपारदर्शकतेवर आहे.

कायदेशीर स्थिती :
रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४३ अन्वये तिकिटांचा अनधिकृत व्यापार हा दंडनीय गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. संगीत कार्यक्रमांच्या ऑनलाइन पुनर्विक्रीसाठी अशी नेमकी केंद्रीय तरतूद नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत १३ फसव्या रचना नमूद असून, शेवटी शुल्क जोडणे ही त्यांपैकी एक होय. तथापि साठा व पुनर्विक्री यांवर थेट नियंत्रण त्यातून येत नाही. यासंबंधीची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली. असे नियमन हा विधिमंडळ व शासनाच्या अखत्यारीतील विषय असल्याची भूमिका न्यायालयाने घेतली. अमेरिकेने २०१६ मध्ये तिकिटे बळकावणाऱ्या संगणकप्रणालींवर बंदी घातली, तर आयर्लंडने २०२१ च्या कायद्याने ठरावीक कार्यक्रमांच्या तिकिटांची मूळ दरापेक्षा अधिक दराने पुनर्विक्री प्रतिबंधित केली.

निष्कर्ष :
खुल्या विक्रीतील आसनांची संख्या जाहीर करणे, आरंभीच संपूर्ण दर दाखविणे, पुनर्विक्रीस मूळ दराची मर्यादा घालणे आणि विक्रेत्याची ओळख बंधनकारक करणे, हे चार उपाय कायद्याने करणे शक्य आहे. मुंबईचा कार्यक्रम पाहण्यासाठी बागलाणातील विद्यार्थी प्रवासखर्चासह पैसे जमवितो, तेव्हा त्याची फसवणूक ही केवळ करमणुकीची हानी नसते. रांगेत उभे राहिल्यास आपली पाळी येते, या त्याच्या विश्वासाचीही ती हानी असते. वाणिज्य व अर्थशास्त्राच्या अध्यापनात हे उदाहरण अवश्य चर्चिले जावे.