पर्वतीय सायकल : भागबदल आणि वेग

खडबडीत वाटा, सुटी माती व तीव्र चढउतार यांवरून चालविण्यासाठी बनविलेल्या सायकलीस पर्वतीय सायकल म्हणतात. रुंद व खाचाखोचांचे टायर, सरळ हँडल, मजबूत सांगाडा, चढासाठी लहान गिअर आणि बहुधा पुढील फोर्कमध्ये धक्के शोषणारी स्प्रिंग ही तिची लक्षणे होत. भारतात या सायकली मोठ्या प्रमाणावर डांबरी रस्त्यांवरच वापरल्या जातात. तेथे त्या जड चालतात, असा अनुभव येतो व मूळ भाग काढून हलके किंवा महाग भाग बसविण्याकडे चालकाचा कल होतो. अशा बदलाने वेग वाढेल किंवा नाही, हे नवा भाग कोणता रोध किती कमी करतो यावर ठरते. भागाच्या किंमतीवर नव्हे.

इतिहास : पर्वतीय सायकलीचा जन्मच भागबदलातून झाला. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरीन काउंटीत काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली डोंगरावरून उतरवीत असत. उतारावर मागील तुंब्यातील ब्रेक इतका तापे की, त्यातील ग्रीज जळून जाई व ते पुन्हा भरावे लागे. १९७६ मध्ये तेथे सुरू झालेल्या शर्यतीला ‘रीपॅक’ हे नाव त्यावरूनच पडले. गॅरी फिशर व इतरांनी या सायकलींना चांगले ब्रेक व गिअर बसविले. जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये या कामासाठी खास सांगाडा तयार करण्यास आरंभ केला. १९८१ मध्ये ‘स्पेशलाइज्ड’ या कंपनीची ‘स्टम्पजंपर’ ही सायकल बाजारात आली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या प्रकारच्या शर्यतीचा समावेश झाला. आरंभीचे हे बदल सपाटीवरील वेगासाठी नव्हे, तर उतारावर थांबता यावे व चढावर पाय टिकावेत यासाठी होते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

रोधाचे प्रकार : सायकलस्वाराची शक्ती मुख्यत्वे तीन रोधांविरुद्ध खर्च होते. (१) हवेचा रोध : हा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. (२) लोटन रोध : चाक फिरताना टायर सतत दबतो व पूर्ववत होतो, त्यात ऊर्जा वाया जाते. (३) चढावरील गुरुत्वाकर्षणाचा रोध : हा स्वार व सायकल यांच्या एकत्रित वजनाच्या प्रमाणात असतो. यांखेरीज साखळी व धारवे यांतील घर्षणात थोडी शक्ती खर्च होते.

अमरावती जिल्ह्यातील वलगावहून परतवाड्याकडे जाणारा रस्ता पूर्णा खोऱ्याच्या मैदानातून जातो. परतवाड्यापुढे चिखलदऱ्याकडे मेळघाटाचा चढ लागतो. या दोन टप्प्यांवर रोधांचे प्रमाण कसे बदलते, ते गणिताने पाहता येते. स्वार ७० किग्रॅ., सायकल १५ किग्रॅ. आणि खाचाखोचांच्या टायरांचा लोटन रोध एकूण भाराच्या १.२% धरला, तर वारा नसताना सपाटीवर ताशी २५ किमी. वेगासाठी सु. १७० वॉट शक्ती लागते. तीपैकी सु. ६०% हवेवर व ४०% टायरांवर खर्च होते. दर १०० मी. अंतरास ६ मी. चढ असलेल्या घाटात तेवढ्याच शक्तीने वेग ताशी सु. १० किमी. एवढाच राहतो. तेथे सु. ८०% शक्ती वजन वर नेण्यात, १६% टायरांत व केवळ ४% हवेत खर्च होते.

टायर : वरील उदाहरणात डांबरी रस्त्यासाठी गुळगुळीत टायर बसवून लोटन रोध निम्मा केला, तर सपाटीवर वेग ताशी सु. २.४ किमी. वाढतो आणि तासाभराच्या घाटात सु. ५ मिनिटे वाचतात. कमी खर्चात एवढा लाभ देणारा दुसरा भाग क्वचितच आढळतो. मात्र वऱ्हाडातील काळी माती पावसाळ्यात चिकट होते. तेथे गुळगुळीत टायर घसरतो. बाभळीचे काटे व सराटे असलेल्या वाटांवर फार पातळ टायर वारंवार पंक्चर होतो. म्हणून शेतवाट व सडक दोन्ही नेहमीच्या असल्यास मधोमध सलग पट्टा व कडेला खाचा असलेला टायर श्रेयस्कर ठरतो.

वजन : १ किग्रॅ. वजन घटविल्याने सपाटीवर तासाभरात जेमतेम ५० मी. अधिक अंतर कापले जाते. तासाभराच्या घाटात सु. ४० सेकंद वाचतात. चाकावरील वजन कमी केल्याचा जादा लाभ केवळ वेग वाढविताना मिळतो, स्थिर वेगात नाही. साधा स्प्रिंगचा फोर्क काढून ताठ फोर्क बसविल्यास वजन घटते व उभे राहून पेडल मारताना शक्ती स्प्रिंगमध्ये मुरत नाही; परंतु खडकाळ उतारावरील ताबा कमी होतो.

गिअर व साखळी : पुढे ४२ व मागे १४ दात्यांचे चक्र आणि २६ इंची चाक असल्यास पेडलाच्या एका फेऱ्यात सायकल सु. ६.२ मी. पुढे जाते. मिनिटाला ९० फेरे मारल्यास ताशी ३३ किमी. वेग येतो. सपाटीवर एवढी शक्ती ज्याच्यापाशी नाही, त्याला अधिक मोठे दंतचक्र वेग देऊ शकत नाही. साखळी मात्र तपासावी. नव्या साखळीच्या २४ कड्यांची लांबी ३०४.८ मिमी. असते, ती ३०७ मिमी.च्या आसपास गेल्यास साखळी बदलावी, अन्यथा दंतचक्रेही झिजतात.

सुसंगती व खर्च : एक भाग बदलला की इतर भाग बदलणे भाग पडते. मागील चक्रांची संख्या वाढविली तर साखळी, गिअरची कळ आणि काही वेळा तुंबाही बदलावा लागतो. २६, २७.५ व २९ इंची चाकांत टायर बसण्याचा व्यास अनुक्रमे ५५९, ५८४ व ६२२ मिमी. असल्याने त्यांचे टायर परस्परांना चालत नाहीत. असे सुटे भाग जमविता जमविता मूळ सायकलीच्या किंमतीहून अधिक रक्कम खर्ची पडते आणि सांगाडा जुनाच राहतो.

म्हणून टायरांतील हवेचा योग्य दाब, स्वच्छ व तेल दिलेली साखळी, पेडल तळाशी असताना गुडघा किंचित वाकलेला राहील अशी सीटची उंची आणि अंग हवेला कमी अडेल असे थोडे खाली घेतलेले हँडल या जवळजवळ विनाखर्चाच्या गोष्टी प्रथम कराव्यात. त्यानंतर टायर बदलावेत. एवढ्यानेही समाधान न झाल्यास सुटे भाग घेण्यापेक्षा सडकेसाठी बनविलेली सायकल घेणे सोयीचे ठरते. झिजलेले ब्रेकचे गुटके मात्र वेगाशी संबंध नसला, तरी सर्वांआधी बदलावेत. कारण घाटात चढताना वाचविलेली मिनिटे उतरताना ब्रेकच्याच भरवशावर राखली जातात.