चक्रवाक आले कवडीला

पुणेकर पक्षी पाहायला निघाला की भिगवणचा रस्ता धरतो. मी मात्र हिवाळ्यात कवडीला जातो. सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरच्या अलीकडे डावीकडे वळले, की मुळा-मुठेवरचा बंधारा लागतो. पौषातल्या सकाळी सातला तिथे पोचावे. पाण्यावरून धुके उठत असते. जवळ रुमाल मात्र ठेवावा, कारण शहराचे सांडपाणी याच वाटेने पुढे जाते!

दिवाळीच्या आगेमागे इथले पाहुणे येऊ लागतात. त्यांत मानाचा चक्रवाक. नारिंगी अंगाचे हे बदक लडाख-तिबेटकडे उन्हाळा काढते आणि थंडीला आपल्याकडे उतरते. चक्रवाकाची जोडी रात्री एकमेकांपासून दुरावते, असे आपले संस्कृत कवी सांगत आले. कवडीला सकाळी पाहावे, तर नवरा-बायको शेजारीशेजारी उभे! शेजारच्या खडकावर धोबी शेपटी आपटीत फिरत असतो. थापट्या बदक आपली फावड्यासारखी चोच पाण्यात घालून गाळ गाळीत चाललेले असते. गुलाबी काड्यांसारख्या पायांचे शेकाटे तर थव्यांनी.

एवढे पक्षी पाहून कुणी म्हणेल, ‘मग नदीला झाले आहे तरी काय?’ इथेच गफलत होते. मैल्यावर अळ्या आणि किडे पोसतात, आणि शेकाट्याला तेच हवे असते. त्याची गर्दी म्हणजे नदीच्या तब्येतीचा दाखला नव्हे. मैला कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासळी गुदमरते. म्हणून मी वहीत दोन रकाने आखले आहेत. एकात शेकाटे, दुसऱ्यात मासळीवर जगणारे खंड्या आणि नदी सुरय. किती पक्षी आले, याहून कोणते आले, हे मला महत्त्वाचे वाटते.

आणि हा प्रश्न केवळ पाखरांचा नाही. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, भीमा उजनीच्या धरणात जाते. १९८० साली पुरे झालेल्या त्या धरणाच्या फुगवट्यावरच भिगवणचे रोहित उतरतात, आणि सोलापूरच्या नळांनाही उजनीचेच पाणी येते. पुण्याने मोरीत सोडलेले पाणी असे दूरवर पोचते.

तेव्हा वाचकहो, या थंडीत एखादा रविवार आपल्या गावच्या नदीला द्या. दुर्बीण नसली तरी अडत नाही. वही-पेन्सिल न्या, तारीख घाला आणि दिसेल ते लिहा. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात पुन्हा जा. दोन पाने शेजारी ठेवली, की नदीचे काय चालले आहे ते तुमचे तुम्हालाच कळू लागेल.