गाडीची दुसरी चावी सांभाळा

कागल तालुक्यात आता ट्रॅक्टरशेजारी चारचाकीही उभी दिसते. ट्रॅक्टरची चावी हरवली तर शेजाऱ्याच्या त्याच कंपनीच्या ट्रॅक्टरची चावी पुष्कळदा चालून जाते. चारचाकीचं तसं नाही, शेतकरी बंधूंनो! बहुतेक नव्या गाड्यांच्या चावीच्या मुठीत चिप असते. बाजारात नुसती चावी घासून घेतली तर दार उघडेल. पण चिपची ओळख पटल्याशिवाय इंजिन सुरू होणार नाही.

रिमोट चालेना, तर आधी सेल बदला. जुन्या सेलवरचा नंबर, बहुधा सीआर २०३२, पाहूनच नवा घ्या. चिपला सेल लागत नाही; त्यामुळे सेल संपला तरी चावी फिरवून गाडी सुरू होते. उसाच्या पाटात रिमोट भिजला तर सेल काढून सावलीत वाळवा.

एकच चावी उरली असेल तर दुसरी लगेच करून घ्या. दोन्ही हरवल्या की खर्च वाढतो. चावीसोबत आलेला नंबराचा बिल्ला घरी ठेवा, गाडीत नको. जुनी गाडी घेताना दोन्ही चाव्या मागून घ्या. कारण गाडी चोरीला गेली, तर भरपाई देताना विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते. म्हणून चावी हरवताच पोलीस ठाण्यात नोंद करून पोच घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. लाखांची भरपाई अडायला एक चावी पुरते.