ब्रिज म्हणजे पूल नव्हे

सर्व्हर दूर डेटा सेंटरमध्ये आणि माणूस घरी लॅपटॉपसमोर. एसएसएचने आत शिरून तो पहिली कमांड देतो: 'आयपी लिंक अ‍ॅड बीआर-झीरो टाइप ब्रिज'. काहीच बिघडत नाही. मग दुसरी: 'आयपी लिंक सेट ईटीएच-झीरो मास्टर बीआर-झीरो'. एंटर दाबताच कर्सर जागच्या जागी थिजतो. आता त्या मशीनच्या कन्सोलपर्यंत पोचायची दुसरी वाट नसेल, तर तिकडच्या कुणाला तरी झोपेतून उठवण्यावाचून गत्यंतर नाही.

खापर लिनक्सवर फुटतं, पण घोळ नावापासूनच सुरू होतो. ब्रिज म्हटलं की दोन काठ जोडणारा पूल डोळ्यांसमोर येतो. लिनक्समधला ब्रिज हा खरं तर कर्नलमध्ये बसवलेला स्विच आहे. नेटवर्क कार्ड त्याला जोडलं, की ते त्या स्विचचं नुसतं एक पोर्ट उरतं आणि आत येणारी प्रत्येक फ्रेम ब्रिजच्या हवाली होते. आयपी पत्ता मात्र अजून कार्डावरच लटकत असतो. तो पत्ता आणि डीफॉल्ट रूट, दोन्ही ब्रिजवर न्यावे लागतात, शिवाय ब्रिज 'अप' करावा लागतो. या सगळ्या कमांड एकाच स्क्रिप्टमध्ये घालून एका दमात चालवाव्यात. मधल्या पायरीवर विचार करायला थांबण्याची सोय नाही.

पत्ता डीएचसीपीने मिळत असेल तर आणखी एक गंमत होते. मॅक पत्ता हाताने दिला नसेल, तर कर्नल जोडलेल्या पोर्टांपैकी सर्वांत लहान मॅक ब्रिजसाठी उचलतो. उद्या लहान मॅकचं नवं पोर्ट जोडलं की ब्रिजची ओळख बदलते आणि राउटर वेगळाच आयपी देऊ शकतो.

'केबल जोडता येते, मग वाय-फायही जोडू' हा समज लॅपटॉपवाल्यांचा. इथे कर्नल सरळ 'ऑपरेशन नॉट सपोर्टेड' म्हणून हात वर करतो. एरवी वाय-फाय क्लायंट पाठवतो त्या फ्रेममध्ये तीन पत्ते असतात: अ‍ॅक्सेस पॉइंटचा, पाठवणाऱ्याचा आणि जिथे पोचायचं त्याचा. पाठवणारा हाच मूळ मालक, असं त्यात गृहीत असतं. त्याच्या मागे बसलेल्या व्हर्च्युअल मशीनचा मॅक लिहायला जागाच नसते. चार पत्त्यांची पद्धत आहे, पण ती दोन्ही बाजूंना चालू हवी. म्हणून लॅपटॉपवर मुकाट्याने नॅट वापरावं. लिबव्हर्टचा 'व्हीआयआरबीआर-झीरो' तेच करतो. तिथे यजमानाचा नेहमीचा पत्ता १९२.१६८.१२२.१.

व्हर्च्युअल मशीनला ब्रिजशी जोडणाऱ्या टॅप इंटरफेसबद्दलची तक्रार तर मजेशीर आहे. 'ईथटूल' विचारलं की जुना कर्नल वेग १० एमबीपीएस सांगतो आणि लोक मंदपणाचं मूळ सापडलं म्हणून खूश होतात. आभासी तारेला कसला आलाय वेग? तो आकडा रकाना भरण्यापुरता. नव्या कर्नलमध्ये तिथे १०,००० दिसतात, पण खरा वेग ठरतो प्रोसेसर आणि ड्रायव्हरवर.

सर्वांत चकवणारा गैरसमज फायरवॉलचा. ब्रिज दुसऱ्या थराचा, आयपीटेबल्स तिसऱ्या थराचं. तेव्हा दोघांची गाठ पडायची नाही, हे तर्काला पटतं. प्रत्यक्षात 'बीआर-नेटफिल्टर' हे मॉड्यूल चढलं की ब्रिजवरून जाणारी आयपी पॅकेटंही आयपीटेबल्सच्या नियमांतून गाळली जातात. डॉकर आयपीटेबल्समधल्या फॉरवर्डचं धोरण 'ड्रॉप' करून ठेवतो. त्यामुळे कालपर्यंत सुरळीत चाललेलं व्हर्च्युअल मशीन डॉकर बसवताच मुकं होऊ शकतं. लक्षण ओळखीचं: एआरपीला उत्तर येतं, पिंगला नाही. तोवर केबल आणि राउटर तपासण्यात संध्याकाळ गेलेली असते.

ब्रिजसाठीचं 'बीआरसीटीएल' हे साधन आता जुनं झालं. त्याची कामं 'आयपी' आणि 'ब्रिज' या कमांडनी होतात.

एकदा दिलेली कमांड कायमची, असंही अनेकांना वाटतं. ही मांडणी कर्नलच्या स्मृतीत असते, रीबूट झालं की पुसली जाते. टिकवायची तर नेटप्लॅन किंवा नेटवर्कमॅनेजरच्या फायलीत लिहावी लागते. दूरच्या सर्व्हरवर हाच विसराळूपणा कामी येतो. जाणकार मंडळी प्रयोगाआधी 'शटडाउन -आर +५' देऊन ठेवतात. जोडणी टिकली तर 'शटडाउन -सी' ने बेत रद्द करायचा. तुटली तर पाच मिनिटांनी मशीन आपसूक रीबूट होतं आणि पत्ता पुन्हा ईटीएच-झीरोवर येतो.