मर्दाना कमजोरीचा बाजार आणि टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन

मराठवाड्यात रेल्वेमार्गालगतच्या भिंती असोत की एस.टी. स्टँडचा परिसर, ‘मर्दाना कमजोरी’चा इलाज सांगणारे फलक आणि चिठ्ठ्या नाहीत असे ठिकाण विरळाच. या मालाचे गिऱ्हाईक कोण? दिवसभर गल्ल्यावर बसणारा दुकानदार, मागावर किंवा भट्टीपुढे राबणारा कारीगर, चाळिशी ओलांडलेला गृहस्थ. थकवा येतो, चिडचिड होते, संसारात मन लागत नाही. घरी बोलता येत नाही, डॉक्टरला सांगायची शरम वाटते. मग कमाईचा पैसा पुडीत आणि माजूनमध्ये जातो. याच गिऱ्हाइकाच्या कानावर आता एक नवे नाव पडू लागले आहे, टेस्टोस्टेरॉन. हे औषध खरे आहे. पण ते कोणासाठी आहे, हे कळल्याशिवाय घेतले तर पुडीपेक्षा महाग पडते.

टेस्टोस्टेरॉन हा पुरुषाच्या अंडग्रंथीत तयार होणारा हार्मोन. 1935 साली तो शुद्ध स्वरूपात वेगळा करण्यात आला आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत बनवलाही गेला. त्या शोधाशी नाव जोडलेल्या बुटेनांट आणि रुझिका या दोन शास्त्रज्ञांना 1939 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. दाढी-मिशा, आवाज, स्नायू, हाडांची मजबुती, रक्त, कामेच्छा या सर्वांत त्याचा हात असतो. वय वाढते तसा तो हळूहळू कमी होतो. हा उताराचा हिशेब आहे, रोग नव्हे.

रोग कधी म्हणायचे? लक्षणे असली पाहिजेत आणि रक्तातले प्रमाणही खरोखर कमी असले पाहिजे. दोन्ही हवे. अमेरिकन युरॉलॉजी संघटना 300 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही सीमा मानते. हा हार्मोन पहाटे सर्वांत जास्त आणि संध्याकाळी कमी असतो. म्हणून तपासणी सकाळी, शक्यतो दहाच्या आत आणि उपाशीपोटी करायची, आणि ती एकदा नव्हे तर वेगवेगळ्या दिवशी दोनदा. दुकान बंद करून रात्री लॅबमध्ये गेलेल्या माणसाचा आकडा कमी दिसला तर त्याला अर्थ नाही. ताप किंवा आजारपणात, अथवा झोपेचे वेळापत्रक उलटलेले असताना आलेल्या आकड्यावरही विसंबू नये. रमजानमध्ये रात्र-रात्र दुकान चालवणाऱ्यांनी ही तपासणी ईदनंतर, झोप पूर्ववत झाल्यावर करावी.

प्रमाण कमी निघाले तरी लगेच इंजेक्शन नव्हे. आधी कारण शोधायचे. मधुमेह, सुटलेले पोट, अपुरी झोप, घोरताना श्वास अडकणे, काही वेदनाशामक गोळ्या, यांनी टेस्टोस्टेरॉन खाली येते. वजन उतरवले, साखर ताब्यात आणली, तर पुष्कळांचे प्रमाण औषधाविना सुधारते. आणखी एक गैरसमज आहे. शरीरसंबंधातली अडचण म्हणजे हार्मोनची कमतरता, असे नाही. अनेकदा ती साखरेमुळे वा तंबाखूमुळे खराब झालेल्या रक्तवाहिन्यांची तक्रार असते, आणि कधी कधी येऊ घातलेल्या हृदयविकाराची पहिली सूचना. तेथे टेस्टोस्टेरॉन घेत बसणे म्हणजे दुखणे एकीकडे, मलम दुसरीकडे.

मात्र ज्यांच्या ग्रंथीच काम करत नाहीत त्यांना या उपचाराने नवे आयुष्य मिळते. कोणाला जन्मतः एक्स गुणसूत्र जास्त असते, कोणाला वयात येताना गालगुंड होऊन अंडग्रंथींना इजा झालेली असते, कोणाच्या मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला गाठ असते. अशांनी शरम बाळगू नये. इंजेक्शन किंवा त्वचेवर लावायचे जेल डॉक्टरच्या देखरेखीखाली बहुधा वर्षानुवर्षे घ्यावे लागते. रक्त वाजवीपेक्षा दाट होत नाही ना, प्रोस्टेट ठीक आहे ना, हे तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी पाहावे लागते. प्रोस्टेटचा कर्करोग असलेल्यांनी, नुकताच हार्ट अटॅक वा लकवा येऊन गेलेल्यांनी ते सुरू करू नये. जेल लावलेल्या अंगाला बायका-मुलांचा स्पर्श होऊ देऊ नये, त्यांच्या शरीरात ते शिरते. हृदयाविषयीची भीती 2023 च्या एका मोठ्या अभ्यासाने बरीच कमी केली. 5,246 पुरुषांच्या त्या अभ्यासात हार्ट अटॅक व लकव्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत वाढलेले दिसले नाही. पण हृदयाचे ठोके अनियमित होणे आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे हे त्यांच्यात जास्त आढळले.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी विकणारा सांगत नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की मेंदू अंडग्रंथींना हुकूम देणे थांबवतो आणि शुक्राणू बनणे जवळजवळ बंद पडते. म्हणजे ‘मर्दानगी’साठी घेतलेले इंजेक्शन बाप होण्याचा रस्ताच अडवते. औषध थांबवल्यावर शुक्राणू परतायला अनेक महिने, कधी वर्षाहून जास्त काळ लागतो, आणि काहींचे पूर्ण परतत नाहीत. जिममध्ये दंड फुगवण्यासाठी हीच इंजेक्शने टोचून घेणारी पोरे दोन-चार वर्षांनी लग्न करतात. मूल होत नाही म्हटल्यावर तपासणी मात्र सुनेची सुरू होते, बोलणीही तिलाच बसतात. नवऱ्याची वीर्यतपासणी साधी आणि तुलनेने स्वस्त असते. ती आधी का होत नाही? ज्यांना मूल हवे आहे आणि टेस्टोस्टेरॉनही कमी आहे, त्यांच्यासाठी वेगळी औषधे आहेत. डॉक्टरला तसे स्पष्ट सांगावे.

आपल्या पेशातल्या लोकांसाठी दोन शब्द कायद्याचे. 1954 च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानुसार कामशक्ती वाढवण्याच्या औषधाची जाहिरात करणे गुन्हा आहे. हमदर्द दवाखान्याने या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले होते. डिसेंबर 1959 च्या निकालात न्यायालयाने काही तरतुदी रद्द केल्या, पण अशा जाहिरातीला भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण मिळत नाही असे सांगून बंदीचा गाभा कायम ठेवला. जाहिरातीत हँडबिल, लेबल, वेष्टन सारे येते आणि छापणाराही तिच्यात सहभागी धरला जातो. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. तेव्हा छापखानेवाल्यांनी अशी ऑर्डर घेण्यापूर्वी विचार करावा. नोंदणीकृत हकीम-डॉक्टरांना आपल्या दवाखान्यावर इलाजाचा फलक लावण्याची मुभा कायद्यातच आहे. मेडिकल स्टोअरवाल्यांनी टेस्टोस्टेरॉन चिठ्ठीशिवाय देऊ नये. बिननावाच्या पुड्या तर ठेवूच नयेत. अशा ‘ताकदी’च्या मालात सिल्डेनाफिल लपवलेले सापडल्याचे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वारंवार जाहीर केले आहे. छातीच्या दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याचा रक्तदाब त्याने एकदम कोसळू शकतो, आणि जीव जाऊ शकतो.

ज्याला शंका आहे त्याने घाटीच्या मेडिसिन विभागात किंवा आपल्या फिजिशियनकडे जावे. सोबत साखरेचे जुने रिपोर्ट आणि चालू असलेल्या सर्व गोळ्या न्याव्यात, हकीमसाहेबांच्या पुड्यासुद्धा.