जुना संगणक लगेच भंगारात नको!

मैत्रिणींनो, पैठणी विरली तर आपण ती टाकून देतो का? काठ काढून मुलीच्या परकराला लावतो. कुकरची शिट्टी बिघडली तर शिट्टी बदलतो, कुकर नाही. पण संगणक रखडायला लागला की ‘आता नवाच घ्या वहिनी’ हे दुकानदाराचं वाक्य मात्र मुकाट्याने ऐकून घेतो. त्या डब्यात काय असतं, हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नसतं ना!

आमच्या बचत गटाचा संगणक 2012 सालचा. हिशेब, ठराव, बँकेचे अर्ज सगळं त्यावरच. तो सुरू व्हायला दहा-दहा मिनिटं घेऊ लागला. एका दुकानदाराने नव्याचा पस्तीस हजारांचा आकडा सांगितला. महिन्याला शंभर-शंभर करून साठवलेले पैसे हो ते! म्हटलं, आधी डबा उघडून तर बघू.

आपण ज्या डब्याला ‘सीपीयू’ म्हणतो, तो खरं तर नुसता डबा. खरा सीपीयू म्हणजे आतला बिस्किटाएवढा प्रोसेसर. स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचं तर प्रोसेसर ही सुगरण, हार्डडिस्क हे फडताळ आणि मेमरी, म्हणजे रॅम, हा ओटा. ओटाच वीतभर असेल तर सुगरण तरी काय करणार? प्रत्येक भांड्यासाठी फडताळाकडे पळणार!

म्हणून आधी ओटा तपासायचा. विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. नेहमीचं काम चालू असताना मेमरी नव्वद टक्क्यांच्या पुढे दिसली, तर रॅम कमी पडते आहे असं समजा. आमच्याकडे फक्त 2 जीबी होती. तिथे 4 जीबीच्या दोन पट्ट्या बसवल्या. पट्टी घेताना जात बघायची. डीडीआर-3च्या खाचेत डीडीआर-4 बसतच नाही. शिवाय विंडोज 32 बिटचं असेल तर 4 जीबीच्या वरची रॅम वापरातच येत नाही.

जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी घातली, की सुरू होण्याचा वेळ फारच कमी होतो. प्रोसेसर शेवटी. आमचा आय-3 2100 होता, सॉकेट 1155चा. त्याच सॉकेटमध्ये आय-5 3470 बसतो. दोन कोरचे चार झाले. मात्र अशा जुन्या मदरबोर्डचं बायोस आधी अद्ययावत करावं लागतं, नाहीतर नवा प्रोसेसर ओळखला जात नाही. पंख्याखालची वाळलेली पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावायची. आणि काहीही करण्याआधी वायर काढून ठेवायची, बरं का!

सगळा खर्च नव्याच्या पाव हिश्शातही आला नाही.

एक गोष्ट मात्र लपवणार नाही. विंडोज 10ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि विंडोज 11 इतक्या जुन्या प्रोसेसरला मान्यता देत नाही. सुरक्षेचे अपडेट येत नसलेल्या संगणकावरून बँकेचे व्यवहार करणं म्हणजे कडी न लावता गावाला जाणं. आम्ही लिनक्स मिंट घातलं. ते फुकट मिळतं, त्यात हिशेबाचे तक्ते होतात, मराठीही छान टाइप होतं. बायकांचा हात चार दिवसांत बसला.

मदरबोर्डच गेला असेल तर मात्र हट्ट नको. तेव्हा नवा घ्यावा, पण जुना भंगारवाल्याला देऊ नये. आतल्या डाखात शिसं असू शकतं, उघड्यावर जाळलं तर विषारी धूर होतो. 2022च्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच जायला हवा.

दुकानात गेलात तर तीन गोष्टी करा. अंदाजपत्रक लेखी घ्या, डबा आपल्यासमोर उघडायला सांगा आणि काढलेले सुटे भाग परत मागा. ‘तुम्हाला नाही कळणार वहिनी’ असं कुणी म्हणालंच, तर शांतपणे विचारा, “रॅम डीडीआर-3 आहे की डीडीआर-4?” पुढचं बोलणं आपोआप नीट होतं!